दुष्काळ आणि मंडळी : अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या समाजसंबंधांचा एक विचार

१

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाकडे आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. पहिली दृष्टी मिशनच्या वार्षिक अहवालांची. तीत बाप्तिस्म्यांची संख्या, शाळांची संख्या आणि जमाखर्च यांना प्राधान्य असते, आणि संख्या वाढली की कार्य वाढले असे गृहीत धरलेले असते. दुसरी दृष्टी टीकाकारांची. दुष्काळात लोकांना अन्न दिले आणि त्या अन्नाच्या मोबदल्यात त्यांचा धर्म घेतला, एवढ्या एका वाक्यात ती सारा इतिहास संपविते. या दोन दृष्टी परस्परविरोधी भासल्या तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. दोहोंच्याही मते या इतिहासाचा कर्ता परदेशी मिशनरी होय. ज्यांनी नवा धर्म पत्करला, गावकुसाबाहेर राहून तो टिकविला आणि शेजाऱ्यांशी आपले नाते नव्याने जोडले, ते स्त्री-पुरुष या दोन्ही चित्रांत केवळ घेणारे म्हणून दिसतात.

या समजुतीचा फेरविचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अहमदनगर जिल्ह्याचे (२०२४ पासून अहिल्यानगर) उदाहरण घेतले आहे. मराठी प्रदेशातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचे हे एक जुने व मोठे केंद्र. शिवाय हा जिल्हा पर्जन्यछायेतला. अनिश्चितता हा येथे अपवाद नसून नियमच आहे. पाऊस चुकला की गावाची सारी घडी विस्कटते, आणि विस्कटलेल्या घडीतच कोणत्या संस्थेची मुळे किती खोल गेली आहेत हे कळून येते.

विवेचनाच्या सोयीसाठी 'मिशन' आणि 'मंडळी' हे दोन शब्द येथे काटेकोरपणे निरनिराळ्या अर्थांनी वापरले आहेत. मिशन म्हणजे परदेशातून चालविली जाणारी, पगार देणारी, जमीन व इमारती बाळगणारी संस्था. मंडळी म्हणजे एखाद्या गावातील किंवा पेठेतील श्रद्धावंतांचा समुदाय, त्याचे वडील, त्याचा पाळक व त्याची उपासना. संकटकाळी मिशनने काय केले याची नोंद विपुल आहे. मंडळीने काय केले हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

२

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. अहमदनगर येथे ठाणे पडले ते १८३१ च्या अखेरीस, आणि तेथील पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. १८४२ मध्ये याच शहरातून 'ज्ञानोदय' निघू लागला. १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां मराठी गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. संख्येने ही घटना लहान असली तरी तिचा अर्थ मोठा होता. मंडळीचा कारभार मराठी माणसाच्या हाती असावा या तत्त्वास तीमुळे प्रथमच मूर्त रूप आले.

त्याच हिवाळ्यात अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे पाहणीसाठी या देशात आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपल्या धर्माचा प्रसारही आपणच करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच सुमारास हाच विचार मांडीत होते. अँडरसन यांच्या भेटीनंतर अहमदनगरच्या इंग्रजी शाळेस मिशनने हात आखडता घेतला आणि खेडोपाडी मराठी मंडळ्या व मराठी पाळक निर्माण करण्यावर भर दिला. इंग्रजी शिक्षणाची दारे बंद केल्याबद्दल अँडरसन यांच्या धोरणावर पुढे पुष्कळ टीका झाली, व ती अनाठायी नव्हती. ज्या समाजास शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्याचीच त्यात हानी झाली. परंतु त्या धोरणाचा दुसरा परिणामही नोंदविला पाहिजे. मिशनचे लक्ष शहरातून खेड्याकडे वळले आणि वडाळा, राहुरी, पारनेर अशा भागांतील महारवाड्यांत व मांगवाड्यांत लहान लहान मंडळ्या उभ्या राहू लागल्या.

या खेड्यांतील ख्रिस्ती माणसाची स्थिती विलक्षण होती. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नयेत अशी तरतूद केली होती. तथापि कायद्याचे संरक्षण आणि गावाची मान्यता या दोन निराळ्या गोष्टी होत. महार वतनदार होता. गावकीची कामे करणे आणि त्याबद्दल बलुते घेणे ही त्याच्या जगण्याची चौकट होती. ख्रिस्ती झाल्यावर तो त्याच वाड्यात, त्याच भाऊबंदांच्या शेजारी राहिला. लग्नकार्यात अडचण, गावदेवाच्या उत्सवात अडचण, गावकीच्या कामात अडचण, असा त्याचा रोजचा प्रश्न होता. मिशनरी तंबू उचलून पुढच्या गावी जाई. मंडळीस मात्र तेथेच राहावे लागे. शेजाऱ्यांशी कसे वागावे हा तिच्यापुढे धर्मशास्त्रातला प्रश्न म्हणून उभा नव्हता. पाणी, सरपण आणि सोयरीक यांतून तो दररोज उपस्थित होत होता.

३

अशा वेळी १८७६ चा दुष्काळ आला. तत्पूर्वी वर्षभर, म्हणजे १८७५ मध्ये, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले होते. गावातील पतव्यवस्था आधीच मोडकळीस आली होती. पाऊस चुकताच बलुतेदारीचाही कणा मोडला. कुणब्याच्या खळ्यावर धान्य नाही तेथे महाराचे बलुते कोठून येणार? म्हणून दुष्काळाचा सर्वांत कठोर आघात ज्यांच्याजवळ साठवण नव्हती आणि ज्यांचा हक्क दुसऱ्याच्या पिकावर अवलंबून होता त्यांच्यावरच झाला. सरकारी कामांवरील मजुरी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने कमी करण्यात आली, तेव्हा १८७७ च्या आरंभी मजुरांनी कामे सोडून दिली व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. म्हणजे संकटात समाजास हात देण्याचे कार्य एकट्या मिशनचे नव्हते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावयास हवी.

दुष्काळात व विशेषतः त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यात बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. त्याच सुमारास अँग्लिकनांची एस. पी. जी. ही संस्था आणि रोमन कॅथलिक पंथाचे जर्मन जेझुइट धर्मगुरूही जिल्ह्यात कार्य करू लागले. एकाच तालुक्यात तीन पंथ झाल्याने ज्या मंडळ्या अद्याप बाल्यावस्थेत होत्या त्यांच्यापुढे निवडीचा, आणि क्वचित प्रलोभनाचाही, प्रश्न उभा राहिला.

या वाढीचा अर्थ कसा लावावा? 'पोटासाठी बाटले' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. उपासमार संपूर्ण दख्खनभर होती. ख्रिस्ती होण्याची लाट मात्र सर्वत्र आली नाही. जेथे पूर्वीपासून एखादी मंडळी होती, एखादा शाळामास्तर होता, ज्याच्या भावकीतील कोणी ख्रिस्ती झालेला होता, अशा वस्त्यांत तिला जोर चढणे स्वाभाविक होते. अन्नाने माणसे जगली. पण कोणाच्या दारी जावयाचे हे सोयऱ्याधायऱ्यांच्या नात्याने ठरविले.

४

हा मुद्दा केवळ अनुमानाचा नव्हे, हे दाखविण्यासाठी त्याच दुष्काळातील मराठी प्रदेशाबाहेरचे एक उदाहरण तुलनेस घेणे उपयुक्त होईल. मद्रास इलाख्यातील ओंगोल येथे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे जॉन क्लाव हे कार्य करीत होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैल खोदाईचा मक्ता घेतला. मात्र मदतकार्य चालू असेतोवर बाप्तिस्मा देणे त्यांनी थांबविले. मदत बंद झाल्यावर ज्यांनी तरीही आग्रह धरला त्यांनाच मंडळीत घेतले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी तेथे २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगातील आकडा जगभर गाजला. त्यामागील मनुष्य मात्र फारसा गाजला नाही. दुष्काळाच्या दहा वर्षे आधीपासून यर्रगुंट्ला पेरय्या हा मादिगा जातीचा उपदेशक आपल्या आप्तस्वकीयांत गावोगाव हिंडत होता. कालव्यावर खोदकाम करणाऱ्या टोळ्यांतही असे देशी उपदेशक त्यांच्यासोबत होते. क्लाव यांनी मदत व दीक्षा यांमध्ये अंतर राखले हे त्यांचे विवेकाचे कृत्य होय. पण ते अंतर राखूनही लोक परत आले ते पेरय्यासारख्यांनी आधीच बांधून ठेवलेल्या नात्यामुळे. अहमदनगरकडे पाहावयाचे ते या दृष्टीने.

५

दुसरे संकट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आले, आणि ते तिहेरी होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला व पुढील वर्षी पुण्यात पसरला. १८९६–९७ मध्ये दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९–१९०० चा दुष्काळ कोसळला. तिकडे अमेरिकेत १८९३ पासूनच्या आर्थिक मंदीमुळे बोर्डाची मिळकत घटली होती व मिशनच्या नित्याच्या कामास, म्हणजे शाळामास्तरांच्या व उपदेशकांच्या पगारास, कात्री लागली होती.

येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. नित्याच्या कामास पैसा मिळेना. दुष्काळनिवारणास मात्र तो अमाप मिळाला. १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज अमेरिकन लोकांनी दिलेला मका घेऊन मुंबईस आले. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम यांनी मदतनिधीच्या वाटपात प्रमुख भाग घेतला आणि त्याबद्दल त्यांना सरकारचे कैसर-इ-हिंद सुवर्णपदक लाभले. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा. मराठी त्यांना उत्तम येत असे. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. असंख्य जीव या मदतीने वाचले, आणि कोणतीही इतिहासमीमांसा हे सत्य झाकू शकत नाही, झाकू नये.

परंतु मदतीचा ओघ मिशनच्या हातून वाहिला, मंडळीच्या हातून नव्हे. याचे परिणाम दूरवर झाले. एक तर, अनाथ मुलांसाठी वसतिगृहे व औद्योगिक शाळा उघडल्या गेल्या. त्यांतून सुतारकाम, विणकाम यांचे चांगले शिक्षण मिळाले. अनेकांना जातिनियत धंद्याबाहेर पडण्याची वाट सापडली. मात्र ही मुले मिशनच्या आवारात वाढली. त्यांचे गाव तुटले, आणि गावाशी असलेले मंडळीचे नातेही त्या प्रमाणात सैल झाले. दुसरे म्हणजे, ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेथे काही मिळते ती जागा, अशी प्रतिमा गावकऱ्यांच्या मनात रूढ होण्यास वाव मिळाला. पाळकाचा पगार मंडळीने द्यावा हे १८५४ चे तत्त्व होते. दुष्काळानंतर ते व्यवहारात आणणे अधिकच कठीण झाले. ज्या सभासदास काल आपण धान्य दिले त्याजकडे आज वर्गणी कोणत्या तोंडाने मागावी? दुष्काळाने मंडळ्यांची संख्या वाढविली आणि त्याच हाताने त्यांच्या स्वावलंबनाचा पाया खचविला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळातील एक निराळा प्रयोगही नजरेआड करता येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले होते, व पुढे ते पुण्यास नेले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदन त्यातून वाढले. तेथेही पैसा बऱ्याच अंशी परदेशातूनच येई. पण निर्णय एका मराठी स्त्रीचा होता. तरुणपणी आईबापांसह दुष्काळाची होरपळ तिने स्वतः सोसली होती. उपाशी मुलीकडे पाहताना ती स्वतःचेच पूर्वायुष्य पाहत होती. देणारा व घेणारा यांच्यातील अंतर एका दुःखाच्या आठवणीने किती कमी होते याचे हे उदाहरण होय.

६

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मिशनच्या जमाखर्चात जिला फारशी जागा मिळाली नाही, पण जी मंडळीची स्वतःची मिळकत होती, ती म्हणजे तिची भाषा, तिचे गायन आणि तिची माणसे.

१८६० नंतरच्या दशकात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात प्रामुख्याने घेतले जाते. गावच्या चावडीसमोर किंवा वाड्यातील मोकळ्या जागेत झांजा-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्र गाऊन सांगावयाचे, हा प्रकार मिशनरी प्रवचनाहून सर्वस्वी भिन्न होता. प्रवचनास लोक उभे राहून ऐकत व निघून जात. कीर्तनास ते बसत. ऐकणाऱ्यास आपला धर्म सोडून येथे यावे लागत नसे, आणि सांगणाऱ्यास आपला गाव सोडून बोलावे लागत नसे. एरव्ही ज्याच्या सावलीस गाव दूर ठेवी, असा मनुष्य कीर्तनकार म्हणून गावापुढे उभा राही, ही सामाजिक दृष्ट्या लहान गोष्ट नव्हती.

या परंपरेचा कळस नारायण वामन टिळक यांच्यात दिसतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यानंतर अहमदनगर हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र झाले. अभंग, ओवी व भजन यांच्या द्वारे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस असे रूप दिले की मराठी मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांच्याच रचनांनी व्यापला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात प्लेगच्या काळातील अहमदनगरचे जे दर्शन घडते, त्यात मिशनच्या अहवालात न दिसणारी गोष्ट दिसते : घाबरलेली घरे, निरनिराळ्या जातींची एकत्र आलेली माणसे, आणि सोवळ्याचे संस्कार बाजूस सारून रोग्याजवळ बसावयास शिकणारी एक स्त्री. मंडळीचा समाजाशी येणारा संबंध असा एकेका घराच्या उंबरठ्यावर घडत असतो.

टिळकांना मिशनच्या चौकटीची मर्यादा उत्तरोत्तर जाणवू लागली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली व सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांस त्यात बंधुत्वाने एकत्र यावयाचे होते. काळ महायुद्धाचा होता. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने इलाख्यात हाहाकार उडविला व त्याच वर्षी पाऊसही चुकला. मे १९१९ मध्ये टिळकांचा मृत्यू झाला आणि दरबाराची कल्पना संस्थारूपाने फार काळ टिकली नाही. या अपयशाचे कारण केवळ त्यांच्या मृत्यूत शोधणे बरोबर होणार नाही. महारवाड्यातील ख्रिस्ती माणसास शाळा, वसतिगृह व नोकरी यांची गरज होती. ती मिशन भागवीत होते, दरबार भागवू शकत नव्हता. पगार नाकारण्याचे स्वातंत्र्य टिळकांना होते. ते सर्वांना नव्हते. स्वदेशी मंडळीचे स्वप्न आणि दलित मंडळीची निकड यांचा मेळ तेव्हा बसला नाही, आणि हीच या इतिहासातील खरी व्यथा होय.

७

पुढील घटनांचा येथे केवळ निर्देश करता येईल. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. कारभार देशी हाती आला, पण त्याबरोबर नवी अनिश्चितताही आली. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक आदेशाने ख्रिस्ती दलितांस सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये त्यांच्याच भाऊबंदांनी मोठ्या संख्येने बौद्ध धम्म स्वीकारला. बौद्धांचा समावेश त्या आदेशात १९९० साली झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. एकाच वाड्यातील दोन घरे, एकच पूर्वज आणि कायद्याच्या दृष्टीने दोन निराळी माणसे, असा हा प्रसंग होता. येथे कोणतेही परदेशी जहाज कामास येणारे नव्हते. शेजाऱ्याशी असलेले नाते हीच काय ती शिल्लक.

याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटाच्या प्रेरणेने १९९० नंतरच्या दशकात पाणलोटविकासाची जी कामे झाली, त्यांत जुन्या अनुभवाचा धडा घेतलेला दिसतो. गावाने श्रमदान करावयाचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घ्यावयाची, आणि निर्णय ग्रामसभेत घ्यावयाचा, अशी तेथे अट होती. धर्माची अट नव्हती. दुष्काळात धान्य वाटण्याऐवजी दुष्काळाशी झुंजण्याचे बळ गावाच्या हाती ठेवणे, हा १९०० पासूनचा खरा पालट होय.

या विवेचनावरून एवढे निश्चित म्हणता येईल की, संकट मंडळीस समाजाशी नाते निर्माण करून देत नाही. असलेल्या नात्याची ते परीक्षा घेते. जेथे कीर्तनकार, शाळामास्तर, बायबल वाचून दाखविणारी स्त्री आणि भावकीतला एखादा वडीलधारा यांनी सुकाळात नाते जोडून ठेविले होते, तेथे दुष्काळातील मदतीस अर्थ आला आणि ती संपल्यावरही मंडळी उरली. जेथे मदत आधी व नाते नंतर आले, तेथे सभासद वाढले, इमारती उभ्या राहिल्या, आणि मदत थांबताच प्रश्न उभे राहिले.

संशोधकांस यातून एक काम सुचते. मिशनचे अहवाल सहज उपलब्ध आहेत म्हणून इतिहास त्यांच्यावरूनच लिहिला गेला. खेड्यांतील मंडळ्यांच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या, कीर्तनाची हस्तलिखिते, 'ज्ञानोदया'तील मराठी पत्रव्यवहार आणि वृद्ध सभासदांच्या आठवणी यांचा व्हावा तितका उपयोग अद्याप झालेला नाही. वह्यांना वाळवी लागते आणि माणसेही कायमची राहत नाहीत. या साधनांतून जो इतिहास हाती येईल, त्यात मिशनरी साहेबाच्या शेजारी, किंबहुना त्याच्या पुढे, गावचा मनुष्य उभा असलेला दिसेल.